आत्याचे खूरवाले

आत्या आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. गावी आजी वारली आणि आत्याला तिथे कोणी उरलं नाही, म्हणून बाबा जाऊन तिला घेऊन आले. आम्ही अंबरनाथला पूर्वेकडे एका चाळीत वरच्या मजल्यावर राहायचो. जिना लाकडी होता. आत्या दिसली त्याआधी मला ऐकू आली. एक पाऊल साधं, दुसरं लोखंडाचं. ठक. मग जरा वेळ काहीच नाही. मग पुन्हा ठक. मी पलंगाच्या मागे जाऊन बसले.

लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय गेला होता. मांडीपासून घोट्यापर्यंत दोन सळ्या, मध्ये कातडी पट्टे आणि खाली जाड तळव्याचा काळा बूट, असं सगळं ती रोज सकाळी बांधायची. तेव्हा ती तिशीच्या आत असेल. रंग सावळा, केस कमरेपर्यंत, आणि हसली की एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. पण हे सगळं मी नंतर पाहिलं. पहिले कितीतरी दिवस मी फक्त तो आवाज ऐकायची आणि ती खोलीत आली की गॅलरीत जायची, ती गॅलरीत आली की खोलीत.

एके दिवशी दुपारी तिने मला गॅलरीतच गाठलं. आई खाली नळावर होती.

"माझ्या बुटाला भितेस ना गं?"

"नाही."

"भी की. भ्यायलाच पाहिजे. आत काय आहे ते कळलं तर आणखी भिशील."

मी बुटाकडे पाहिलं. मग न राहवून विचारलं, "काय आहे?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "खूर."

आमच्या गॅलरीतून मलंगाचा सुळका दिसायचा आणि त्याच्या डावीकडे बदलापूरच्या पलीकडेपर्यंत गेलेली डोंगरांची रांग. आत्याने त्या रांगेकडे बोट केलं. म्हणाली, तावली आणि चंदेरीच्या मधल्या घळीत खूरवाले राहतात. कमरेवर ते आपल्यासारखे असतात आणि कमरेखाली बोकडासारखे. गुडघा मागच्या बाजूला वळतो. कान टोकदार असतात, आणि राग आला की ते आधी कानाला कळतं, मग तोंडाला. बायकांनाही शिंगं असतात, बोटभर. दर पावसाळ्यात शिंगावर एक वळ चढतो, त्यामुळे तिकडे कोणाला वय लपवता येत नाही.

"आणि तू?"

"मी त्यांच्यातलीच. अर्धी. एकच पाय तिकडचा. खूरवाले सपाटीवर उतरले की खूर चिरतो, म्हणून लोखंड घालावं लागतं."

त्या दिवसापासून माझी भीती गेली असं नाही, पण ती मला आवडायला लागली. संध्याकाळी जिन्यात ठक ऐकू आलं की अंगावर काटा यायचा आणि मी दाराकडे धावायची.

आत्याला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये काम मिळालं होतं. जुन्या लष्करी बराकीत जीन्स शिवायचा कारखाना होता, वीसेक मशिनींचा. पायाने मशीन मारणं तिला जमत नव्हतं, म्हणून ती खाली बसून धागे कापायची, बटणं लावायची. सकाळी बसने जायची, संध्याकाळी सातच्या सुमाराला यायची. तिची बोटं कायम निळी असायची. जेवताना भाकरीलासुद्धा निळा डाग पडायचा. तिथले सिंधी शेठ तिला "बहन" म्हणायचे, याचं तिला कौतुक होतं.

घरी आल्यावर पट्टे सोडून ती पाय लांब करायची आणि मी विचारायला सुरुवात करायची. तिला काहीही विचारलं तरी उत्तर तयार असायचं.

"ते झोपतात कुठे?"

"उभ्यानेच. एकमेकांना टेकून. सगळी वस्ती एका ओळीत टेकून झोपते. ज्याला कोणी नाही त्याला मधली जागा द्यायची, कडेची नाही, असा त्यांचा नियम."

"खातात काय?"

"करवंदं, कोवळी साल, मोहाची फुलं. मोहाची पितात पण. पिऊन इतकं भांडतात की शिंगं अडकतात. मग सकाळी ज्याच्याशी भांडण झालं त्याच्या कपाळाला कपाळ घासायचं. तोंडाने माफी मागायची पद्धतच नाही त्यांच्यात."

"त्यांना लंगडं म्हणतात का कोणी?"

"तो शब्दच नाही तिकडे. सगळेच उड्या मारत चालतात, कोण कोणाला म्हणणार?"

प्रत्येक खूरवाला वयात आला की स्वतः बांबू तोडून पावा करतो, असं ती सांगायची. तो दुसऱ्या कोणाच्या ओठाला वाजत नाही. माणूस मेलं की त्याच्या पाव्याची भोकं ओल्या मातीने बंद करायची आणि तो नदीत सोडायचा. कोणी रडत नाही. माती विरघळेपर्यंत सगळे काठावर उभे राहतात. कधी दोन दिवस, कधी चार. भोकं मोकळी झाली की पाण्यातून एक आवाज येतो, म्हणे. तो ऐकून घरी जायचं.

हे ऐकून मी रात्री आईच्या कुशीत शिरायची. आई विचारायची, "काय झालं?" मी सांगायची नाही.

आणि लग्नं. ती कारवी फुलली की होतात, सात वर्षांतून एकदा. डोंगर निळा होतो, सगळ्या घळींमधले खूरवाले पठारावर जमतात. बाई ज्याला निवडते त्याच्यासमोर जाऊन खूर तीनदा आपटते. बाईनेच आपटायचा. लाजायचं नाही. "लाज म्हणून काही नसतंच त्यांच्यात," आत्या म्हणायची, आणि का कोण जाणे, हे सांगताना आईकडे पाठ करून बसायची.

बाबांना हे प्रकरण पसंत नव्हतं. ते एका कारखान्यात फिटर होते आणि रविवारी विहारात मुलांचा वर्ग घ्यायचे. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून ओढ्यात सोडले होते, ते बाबांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. भूत, अंगात येणं, नवस, यातला एकही शब्द आमच्या घरात चालायचा नाही.

"पोरीच्या डोक्यात काय भरवतेस?" एकदा त्यांनी आत्याला विचारलं.

"भूतं नाहीत दादा ती. त्यांच्यात देवसुद्धा नाही. भटजी नाही, हुंडा नाही, जात नाही."

बाबा क्षणभर अडले. "मग आहे काय?"

"पाय आहेत," आत्या म्हणाली. आईला हसू आवरलं नाही. बाबा पेपर उघडून बसले, पण पान उलटायचं विसरले.

मी चौथीत गेले त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आत्याने आईला सांगितलं की बेलवलीला एक वैदू आहे, पायाला लावायला तेल देतो. तिचा कारखाना शुक्रवारी बंद असायचा. बाबा त्या दिवशी कामावर. एकटी कशी जाणार, म्हणून मला सोबत दिलं.

बदलापूरला उतरून आम्ही पश्चिमेकडे निघालो. तेव्हा तिकडे इमारती अशा नव्हत्याच. कापणी झालेली भातशेतं, मधून बांध, बांधावर करंजं. आत्याला बांधावरून चालायला त्रास होत होता. लोखंडी बूट रुतायचा, ती हाताने पाय उपसायची आणि हसायची. वैदूचं घर काही लागलं नाही. आम्ही थेट नदीवर गेलो.

काठावर शेळ्या चरत होत्या. आणि करंजाखाली बसून एकजण पावा वाजवत होता.

मी थांबले. त्याला हनुवटीवर टोकदार दाढी होती. मिशी नव्हती. शेळीसारखा उग्र वास पार आमच्यापर्यंत येत होता. आणि त्याच्या पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट होते, चिखलात घालतात ते. कडक उन्हात, कोरड्या काठावर, हा गमबूट घालून का बसलाय ते मला लगेच कळलं. आत काय आहे तेही.

"आत्या," मी कुजबुजले, "हा पूर्ण आहे का अर्धा?"

आत्या हसायला लागली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्याने पावा खाली ठेवला.

"काय बघतंस बाय एवढं?"

"तुमचे पाय."

त्याने आत्याकडे पाहिलं. मग उभा राहिला आणि गमबूट जमिनीवर तीनदा आपटला. आत्या हसायची थांबली. "असं नसतं करायचं," ती म्हणाली. "ते बाईनं करायचं असतं." तिचा चेहरा मी तोपर्यंत तसा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं तिला ताप आलाय.

त्याने मला शेतातली काकडी चिरून दिली, मीठ लावून. मग ती दोघं करंजाखाली बसली आणि मी शेळ्यांमागे फिरत राहिले. वळून पाहिलं तेव्हा आत्याने बूट काढला होता. तिचा पाय मी पहिल्यांदा बघत होते. काठीसारखा बारीक, फिकट, बोटं आत वळलेली. खूर नव्हता. तो पाय तिने नदीच्या पाण्यात सोडला होता आणि त्याने तिचा हात धरला होता.

खूर नव्हता, हे मला दिसलं होतं. तरी मी स्वतःची समजूत घातली. लोखंडाने झिजला असेल.

त्यानंतर आम्ही आणखी चार-पाच वेळा गेलो. येताना आत्या बदलापूरच्या बाजारातून तिळाच्या तेलाची बाटली घ्यायची आणि ती घरी येऊन कपाटावर ठेवायची. "कोणाला सांगायचं नाही हं," असं तिने मला एकदाही बजावलं नाही. तिला ते सुचलं नसेल किंवा माझ्यावर विश्वास असेल. या गोष्टीचा मी पुढे फार विचार केला.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. बाबा वर्गात मुलांना काय शिकवलं ते सांगत होते. अंधश्रद्धा म्हणजे काय, ती कशी ओळखायची. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोणी काही सांगितलं तर पहिलं काय विचारायचं?"

"डोळ्यांनी पाहिलंस का?"

"शाब्बास. पाहिल्याशिवाय मानायचं नाही. आता सांग, खूरवाले असतात का?"

"असतात."

"पाहिलेस तू?"

"हो."

बाबा हसले. "कुठे?"

"बेलवलीला. नदीवर. मी पाचदा पाहिलाय. तो गमबूट घालतो, त्याच्याकडे शेळ्या आहेत, आणि आत्याचा हात धरून बसतो."

घास तोंडाकडे नेता नेता बाबांचा हात थांबला. आईने आत्याकडे पाहिलं. आत्या ताटातली भाकरी मोडत होती, ती मोडतच राहिली. तुकड्यांचे तुकडे केले. निळ्या बोटांनी. मला वाटलं आता बाबांना पटलं, म्हणून मी आणखी सांगितलं. काकडीचं, पाव्याचं, तीनदा पाय आपटल्याचं, पाय पाण्यात सोडल्याचं. मला कोणीही थांबवलं नाही.

बाबांनी हात धुतले. आईला म्हणाले, "हिला बाहेर ने."

चाळीची भिंत पातळ होती. गॅलरीत उभी राहून मी सगळं ऐकलं.

"कोण आहे?"

"आमच्या कारखान्यात प्रेसला आहे. बेलवलीचा. घरची शेती आहे, शेळ्या आहेत."

"म्हणजे आपल्यातला नाही."

"नाही."

"आईला गावच्या विहिरीला हात लावू दिला नाही यांनी. वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तू पण होतीस तेव्हा, तिच्या कडेवर. विसरलीस?"

"तो नव्हता ओतायला, दादा. त्याचा जन्मही झाला नव्हता."

"त्याची आई असेल. ती तुला घरात घेईल?"

आत ताट सरकल्याचा आवाज आला.

"तुझी चेष्टा करतोय तो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "तुझ्यासारखीशी कोण..." आणि वाक्य तिथेच राहिलं. ते पूर्ण झालं असतं तर बरं, असं मला पुढे अनेकदा वाटलं. अर्धवट राहिल्यामुळे ते घरभर फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या कारखान्यात गेली नाही. शेठकडचा टेम्पो आठवड्यातून एकदा पँटींचा गठ्ठा टाकून जायचा, ती घरी बसून बटणं लावायची. माझ्यावर रागावली नाही. केस विंचरून द्यायची, अभ्यास घ्यायची. पण मी खूरवाल्यांचं विचारलं की म्हणायची, "नंतर."

पंधराएक दिवसांनी तो आला. संध्याकाळची वेळ, नळावर बायकांची रांग. तो रांगेच्या पलीकडे भिंतीला टेकून उभा होता. आत्या आत बटणं लावत होती, तिला दिसला नाही. मी गॅलरीत होते. बाबा खाली गेले. दोघांचं बोलणं मिनिटभरही झालं नसेल. बाबाच बोलले, तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग वळून निघाला. त्या दिवशी त्याच्या पायात चपला होत्या. वरून मला त्याचे पाय स्वच्छ दिसले. धुळीने भरलेली बोटं, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. साध्या माणसाचे पाय.

मी आत जाऊन आत्याला सांगितलं नाही. आधी नको ते सांगितलं होतं, आता सांगायचं ते सांगितलं नाही.

वर्षाच्या आत आत्याचं लग्न झालं. नगरकडचा बिजवर, दोन मुलांचा बाप, आपल्यातला. माणूस वाईट नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "एकच सांग. पाव्यातली माती विरघळल्यावर कसा आवाज येतो?"

ती पेटीत साड्या ठेवत होती. एक साडी हातातच राहिली. खरंच आठवायचा प्रयत्न करते आहे असं वाटलं.

"मला नाही आठवत बाळा," ती म्हणाली.

तीन वर्षांनी तार आली. कावीळ झाली होती, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. बाबा एकटेच गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले.  आईने विचारलं, "तिचं काही आणलं नाहीत?" तर म्हणाले, "काय आणणार? होतं काय तिचं?"

मी कॉलेजात असताना आम्ही अंबरनाथ सोडलं. बाबांचा कारखाना बंद पडला होता, जे हाती आलं त्यातून बदलापूर पश्चिमेला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. बेलवली तिथून चालत दहा मिनिटांवर. तिथेच का, असं मी विचारलं नाही. त्या वेळी स्वस्त जागा तिकडेच होत्या. जिना सिमेंटचा, कठडा लोखंडी.

पहिल्या हिवाळ्यात सुरू झालं. संध्याकाळी सातच्या सुमाराला बाबा वाचता वाचता मान वर करायचे. चष्मा काढायचे. मग उठून दार उघडायचे आणि जिन्यात बघायचे.

"कोण आहे?" आई स्वयंपाकघरातून विचारायची.

"कोणी नाही."

आधी आठवड्यातून एकदा. मग रोजच. आई म्हणाली, वय झालं, कान वाजत असतील. कानाच्या डॉक्टरकडेही नेलं, कान उत्तम होते. बाबा स्वतः कधीच बोलले नाहीत की काय ऐकू येतं. कसे बोलणार? आयुष्यभर मुलांना पाहिल्याशिवाय मानू नका असं शिकवलेलं. ते दार उघडायचे, पहिल्या वळणापर्यंत नजर टाकायचे, आणि दार लावताना मात्र जरा थांबायचे, कोणाला तरी आत यायला वेळ द्यावा तसे.

मला ऐकू यायचं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. एक साधं पाऊल, मग लोखंड. खालच्या मजल्यावर कोणीतरी गॅसचा सिलिंडर सरकवत असेल, असं मी स्वतःला सांगायची. रोज सात वाजता कोण सिलिंडर सरकवतो, हे मी कधी खाली जाऊन पाहिलं नाही.

मी नोकरीला लागले होते. एका रविवारी, आईला भाजी आणते सांगून, मी बेलवलीत गेले. शेळ्यावाल्यांचं घर विचारलं, कोणीही दाखवलं. तो ओट्यावर बसून टोपली विणत होता. दाढी आता अर्धी पांढरी, पण तशीच टोकदार. मी कोण ते सांगितल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"तू ती, पाय बघणारी."

"हो."

"ती गेली, मला कळलं व्हतं. कारखान्यात कोनीतरी सांगितलं." त्याने टोपली बाजूला ठेवली. घरात कोणी बाई भांडी घासत होती, त्याची बायको असावी. त्याने आवाज खाली आणला. "काय पायजे बाय?"

काय पाहिजे ते मलाच माहीत नव्हतं. शेवटी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मी घरी सांगितलं. नसतं सांगितलं तर..."

"नाय." तो पटकन म्हणाला. मग पुन्हा हळू, "नाय. तुला खरं सांगतो. माझ्या आयशीला कळलं व्हतं त्याच्या आधीच. ती विहिरीवर जाऊन बसली. म्हनाली, ती पोरगी घरात आली तर मी आत उडी घेईन. मी आयशीला शब्द दिला. त्या दिवशी तुमच्याकडं आलो ना, नळावर? तेव्हा मी 'नाय जमनार' असं सांगायला आलो व्हतो."

"आत्याला?"

"तिला. तोंडावर सांगायचं म्हनून आलो. तुझा बाप खाली आला, म्हनाला, पुन्हा इकडे पाऊल टाकू नका. आणि मला बरं वाटलं." तो ओट्यावरची बांबूची साल नखाने सोलत होता. "मला सांगायला लागलं नाय, म्हनून बरं वाटलं. त्याची लाज अजून वाटते. तिला शेवटपर्यंत वाटलं असल, तिच्या भावाने तोडलं."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. त्याने दाराकडे पाहिलं. आवाज पुन्हा सुरू झाल्यावर म्हणाला, "ती मला पन सांगायची, त्या लोकांचं. बाईने पाय आपटला आणि समोरचा गप राहिला, तर ती बाई काय करते, तुला सांगितलं कधी?"

"नाही."

"मी विचारलेलं. म्हनाली, तेव्हाचं तेव्हा बघू."

मी उठले. त्याने पाणी विचारलं, मी नको म्हटलं. मग वाटलं, पाणी नको म्हणायला नको होतं, त्याने काहीतरी वेगळंच समजलं असेल. परत फिरून प्यायले. त्याने तांब्या माझ्या हातात दिला.

हे बाबांना सांगावं की नाही, या विचारात मी महिनाभर घालवला. सांगितलं तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, असं एकदा वाटायचं. मग वाटायचं, त्यांना आणि मला आत्याशी बांधणारी तेवढीच एक गोष्ट उरली आहे, तीही जाईल. शेवटी एका दुपारी चहा घेताना सांगून टाकलं. सगळं. त्याच्या आईची धमकी, नळावर तो कशाला आला होता ते, त्याला बरं वाटलं तेसुद्धा.

बाबांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मी बोललो नसतो तरी..."

"हो."

"मी तिला जे बोललो ते मात्र बोललोच," ते म्हणाले. "त्याच्यामुळे नाही. माझं मी बोललो." मग विचारलं, "तुझ्या आईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू."

त्या संध्याकाळी सात वाजता ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांना येणारा आवाज थांबला होता का, ते मला माहीत नाही, कारण मला तो येतच होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी स्वतः जाऊन दार उघडलं. जिन्यात नेहमीचा पिवळा दिवा, खालच्यांच्या चपला. मी मागे वळले तर बाबा माझ्याकडे बघत होते. 

त्यानंतरच्या रविवारी बाबा सकाळी वर्गाला गेले ते दुपारी जेवायच्या वेळेला परतले नाहीत. आई काळजीत पडली. उन्हं कलल्यावर आले, चपला चिखलाने भरलेल्या, हातात कापडी पिशवी. पिशवीत वालाच्या शेंगा होत्या, कोवळ्या, देठासकट.

"कुठून आणल्या?" आईने विचारलं.

"बेलवलीतून. एका ओळखीच्याने दिल्या. जमीन बिल्डरला दिलीय त्याने. म्हणाला, यंदाचं शेवटचं पीक, घेऊन जा."

"तुमची कोण ओळख बेलवलीत?"

बाबांनी पिशवी तिच्या हातात दिली. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा विचारलं नाही. ती सूप घेऊन खाली बसली. बाबाही तिच्यासमोर बसले आणि शेंगा सोलायला लागले. त्यांना जमत नव्हतं. दाणे हातातून सुटून पलंगाखाली जात होते, आणि ते प्रत्येक दाण्यासाठी वाकत होते.

"राहू द्या हो," आई म्हणाली. "तेवढ्याने काय कमी पडणार आहे?"

"असू दे," बाबा म्हणाले, आणि पुन्हा वाकले.